नावातली लढाई

मटिल्डा हे नाव ऐकले, की का कोण जाणे, माझ्या डोळ्यांसमोर दुपारच्या वेळी लोकर विणत बसलेली, चष्मा नाकावर घसरलेली एखादी मायाळू आजी उभी राहते. नावाचा अर्थ मात्र त्या आजीच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळावा असा आहे. जुन्या जर्मन भाषेत ‘माख्ट’ म्हणजे बळ आणि ‘हिल्ड’ म्हणजे लढाई. या दोहोंची सांगड घालून झालेले नाव लॅटिनच्या वळणावर जाऊन मटिल्डा बनले. त्या लोकांची नावे बहुधा अशी दोन तुकड्यांची असत, आणि ब्रुनहिल्ड, क्लोटिल्ड, हिल्डेगार्ड ही नावे पाहिली, तर मुलीच्या नावात लढाई असण्याचे त्यांना मुळीच वावडे नव्हते असे दिसते. आपल्याकडे रणजित आणि रणधीर मुलगेच झाले. मुलींच्या वाट्याला फुले, नद्या आणि चांदणे आले.

क्वेडलिनबुर्ग येथे ९६८ मध्ये वारलेली जर्मन राणी मटिल्डा संतपदाला पोहोचली ती दानधर्मामुळे. नावाला जागल्या त्या इंग्लंडमधल्या मटिल्डा. तिथला राजा पहिला हेन्री याने ११०० मध्ये स्कॉटलंडच्या ईडिथशी विवाह केला आणि राणी होताना ईडिथची मटिल्डा झाली. ताटातल्या तांदळांत अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. हेन्रीच्या आईचे आणि पुढे मुलीचे नावही मटिल्डाच. ही मुलगी जर्मन सम्राटाला दिलेली असल्याने ‘सम्राज्ञी’ म्हणून ओळखली गेली. वडील ११३५ मध्ये वारले, तेव्हा तिला वारस मानण्याच्या शपथा विसरून तिचा आतेभाऊ स्टीफन गादीवर बसला. आणि गंमत अशी, की त्याच्या राणीचे नावही मटिल्डा होते.

११४१ मध्ये स्टीफन लढाईत पकडला गेला, सम्राज्ञी राज्याभिषेकासाठी लंडनला पोहोचली, पण चिडलेल्या लंडनकरांनी तिला पळवून लावले. मग नवऱ्याच्या सुटकेसाठी दुसऱ्या मटिल्डाने फौज उभी केली, पहिलीचा सावत्र भाऊ रॉबर्ट पकडला गेला, आणि अखेर त्याच्या बदल्यात स्टीफन सुटला. पुढच्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, ऑक्सफर्डच्या वेढ्यातून सम्राज्ञी निसटली. बर्फात दिसू नये म्हणून पांढरी वस्त्रे पांघरून तिने गोठलेली नदी पायी ओलांडली, असे सांगतात. मुकुट तिला कधीच मिळाला नाही. तो ११५४ मध्ये तिच्या मुलाला मिळाला.

इतके सगळे सोसलेले नाव लोकांच्या तोंडी मात्र टिकले नाही. रुक्मिणीची जशी रखमा झाली, तशी नॉर्मन फ्रेंच बोलीत घासत घासत मटिल्डाची मॉड झाली आणि इतिहासाच्या पुस्तकांत सम्राज्ञीलाही पुष्कळदा मॉडच म्हणतात. त्या नावात लढाईचा उरला आहे तो शेवटचा एक ड.