तुम्ही विचारलंत म्हणून: डी अँझा की सॅन होजे सिटी?

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात दरवर्षी कुणीतरी आई मला बाजूला घेते. "ताई, त्याला दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला घालायचं म्हणतोय. कुठलं बरं, डी अँझा की सॅन होजे सिटी?" दोन्ही इथली, कॅलिफोर्नियातली, कम्युनिटी कॉलेजं: पहिली दोन वर्षं तिथे करून मुलं पुढे विद्यापीठात जातात. विचारताना आवाज खाली येतो. चार वर्षांपूर्वी माझाही आला होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कम्युनिटी कॉलेजला जाऊन लेकीने लपवण्यासारखं काही केलं नव्हतं.

नुसत्या नावावरून मी उत्तर देत नाही. विषय कोणता आणि पुढे कुठल्या विद्यापीठात जायचंय, हे आधी विचारते. मग असिस्ट ही वेबसाइट उघडायला लावते. इथला कुठला कोर्स तिथे कशाच्या जागी धरतात, हे तिथे कॉलेजवार दिलेलं असतं.

फीवर वेळ घालवू नका. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सॅन होजे सिटीत युनिटला, म्हणजे कोर्स मोजायच्या मापाला, 46 डॉलर, डी अँझात 31. पण डी अँझात क्वार्टर, म्हणजे साधारण तीन महिन्यांचं सत्र; सॅन होजे सिटीत सेमिस्टर, म्हणजे त्याहून लांब सत्र. क्वार्टरचं युनिट सेमिस्टरच्या युनिटच्या दोन तृतीयांश. हिशेब तिथल्या तिथेच येतो.

खरा फरक या क्वार्टर-सेमिस्टरचाच आहे. लेकीने डी अँझात कॅल्क्युलसच्या चारपैकी दोन क्वार्टर केल्या आणि नोकरीच्या वेळा जमेनात म्हणून सेमिस्टरवाल्या कॉलेजात गेली. तिथे कॅल्क्युलस तीन भागांत. एका रात्री जेवणाच्या टेबलावर दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून ती पेन्सिलीने खुणा करत बसली. इंटिग्रेशन झालेलं होतं, सीरीज राहिली होती, आणि नव्या कॉलेजात दोन्ही एकाच भागात. सीरीजसाठी तिला अख्खं सेमिस्टर बसावं लागलं, त्यातलं अर्धं आधीच शिकलेलं. रडली नाही, पण बराच वेळ बोललीही नाही. म्हणून सांगते, गणित-फिजिक्सची साखळी जिथे सुरू कराल तिथेच संपवा.

कम्युनिटी कॉलेजनंतर विद्यापीठात प्रवेशाची जी हमी मिळते, ज्याला सगळे टॅग म्हणतात, तिच्यासाठी अमुकच कम्युनिटी कॉलेज हवं असं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस ती देतात; बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज सप्टेंबरमध्ये, तोही एकाच कॅम्पससाठी. कॉम्प्युटर सायन्सला काही ठिकाणी ती लागू नसते, तेवढं आधी बघा.

यंदा विचारणाऱ्या वहिनी सॅन होजेच्या एव्हरग्रीन भागात राहतात. मुलगा संध्याकाळी दुकानात काम करतो, गाडी घरात एकच. तरी त्यांच्या मनात डी अँझाच, कारण "सगळे तिथेच जातात." मी म्हटलं, घराजवळच्या एव्हरग्रीन व्हॅली कॉलेजात त्याचे सगळे कोर्स सकाळी मिळताहेत का ते बघा. त्यांनी तिथेच फोनवर वेळापत्रक उघडलं आणि मुलाला हाक मारली.