पाणी घालणाऱ्याची कुंडी

झाडं लावणारी दोन माणसं भेटली की हल्ली वाद खताचा होत नाही, कुंडीचा होतो. कापडी ग्रो बॅग घ्यावी की प्लॅस्टिकची कुंडी? कापडवाले जरा चढ्या आवाजात बोलतात, नव्याने पंथ घेतलेल्यांचा उत्साह असतो त्यांच्यात. प्लॅस्टिकवाले गॅलरीतल्या आपल्या जुन्या ढिगाकडे बघून गप्प बसतात. मातीच्या कुंडीचं नाव कोणी काढलंच तर सगळे आदराने मान डोलावतात. मग ती चौथ्या मजल्यावर चढवणार कोण, असा प्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो.

एक मात्र आधीच सांगते. ही कापडी कुंडी कापसाची नसते. जिओ फॅब्रिक म्हणून जी जाडसर, किंचित लव असलेली राखाडी किंवा काळी पिशवी मिळते, ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या नाहीतर पॉलिएस्टरच्या तंतूंची असते. विणलेली नव्हे, तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेली. म्हणजे तेही प्लॅस्टिकच. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाजारच्या पिशव्याही तिच्या कचाट्यात सापडल्या होत्या. तेव्हा कापडी कुंडी आणली म्हणून पर्यावरणाचं पुण्य पदरात पडलं, असं कोणी समजू नये. खरंखुरं कापड हवं तर गोणपाट आहे. ओल्या मातीने ते लवकर कुजतं, आणि हलवायला गेलं की झाड हातात येतं, तळ जमिनीवर राहतो.

त्यातून बाजारात ग्रो बॅग म्हणून जी हिरवी चकचकीत पिशवी सर्रास मिळते, ती तर ताडपत्रीच्या जातीची. पट्ट्यांनी विणलेली, वर लॅमिनेशन. तिच्या अंगातून हवा जात नाही. तळाशी भोकं असतात तेवढीच तिला वाट. दुकानदाराच्या लेखी दोन्ही ग्रो बॅगच. मी सरळ पिशवी तोंडाला लावून फुंकते. पलीकडे धरलेल्या हाताला फुंकर लागली तर घ्यायची. शेजारची गिऱ्हाइकं बघत असतात, बघू देत.

हा फुंकरीचा खटाटोप मुळांसाठी. प्लॅस्टिकच्या कुंडीत मूळ वाढत वाढत भिंतीला टेकतं, पुढे वाट नाही म्हणून वळतं आणि कडेकडेनेच फिरत राहतं. जुना मोगरा कुंडी उपडी करून काढून बघा, तळाशी मुळांची घट्ट चुंबळ निघते आणि मधली माती बरीचशी रिकामी असते. पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांतून काळ्या पिशवीतलं रोप आणलं, आणि ते बरेच महिने त्या पिशवीत राहिलेलं असलं, तर ही चुंबळ तयारच मिळते. लावण्याआधी ती बोटांनी सोडवावी, नाही सुटली तर बाजूने दोन-तीन उभे काप द्यावेत. नाहीतर मोठ्या कुंडीतही मुळं जुनाच फेरा धरतात. जिओ फॅब्रिकच्या पिशवीत मुळाचं टोक कापडापर्यंत येतं, तिथे त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, टोक सुकतं आणि मागून त्याला फुटवे येतात. वर्षभराने अशी पिशवी कात्रीने कापली की गोळ्यात कुठेही बोट खुपसलं तरी केसासारखी मुळं हाताला लागतात. कापडवाल्यांचा आवाज चढतो तो यासाठी, आणि इथे त्यांचं बरोबर आहे.

पाण्याचा हिशेब ते सांगत नाहीत. १२ बाय १२ इंचाची पिशवी घ्या. काठोकाठ भरली तर तीत साधारण २२ लिटर माती बसते. तिच्या वरच्या उघड्या तोंडाचं जेवढं क्षेत्रफळ, त्याच्या बरोबर चौपट तिच्या उभ्या अंगाचं भरतं. गोल पिशवीची उंची आणि रुंदी सारखी असली की हे गणित असंच येतं. प्लॅस्टिकच्या कुंडीतून पाणी उडतं ते फक्त तोंडातून. कापडी पिशवीला तोंड आणि ते चौपट अंग, दोन्ही उघडी. वैशाखात पश्चिमेच्या गॅलरीत सकाळी भिजवलेली पिशवी संध्याकाळी बाहेरून खडखडीत वाळलेली असते. बोअरचं पाणी असेल तर तिच्या अंगावर क्षारांची पांढरी पुटंही चढतात. आणि आतला नारळाचा भुसा एकदा पूर्ण वाळला की पाणी धरायला कुरकुरतो, वरून घातलेलं पाणी कडेने सरळ बाहेर. मग दोन वेळा थोडंथोडं घालून त्याची समजूत काढावी लागते.

पण तेच पाणी कापडातून उडताना मातीची उष्णता घेऊन जातं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी तीनला हात लावून बघा. उन्हाच्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात. त्यासाठी कुंडीला बाहेरून पांढरा रंग द्यावा, नाहीतर पुढे दुसरी कुंडी ठेवून सावली करावी. पावसाळ्यात कापडाचा आणखी एक गुण. तळाचं भोक बुजलं म्हणून झाड पाण्यात उभं राहिलं, असं होत नाही.

मग घ्यायचं काय? लोक झाडाकडे बघून ठरवतात, आणि थोडंफार ते खरंच आहे. अळू, पुदिना, ब्राह्मी यांना पाय ओले लागतात, त्यांना प्लॅस्टिक. अडेनियम, कोरफड, लिंबू, मिरची, टोमॅटो यांना कापड मानवतं. पण माझं मत विचाराल तर झाडाच्या आधी पाणी घालणाऱ्याकडे बघावं. आमच्या घरात दोन हात आहेत. सासूबाईंचा हात ओला. गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या तरी जाता जाता प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी. लेकीचा हात कोरडा. कढीपत्त्याने माना टाकल्या की तिला त्याची आठवण होते. सासूबाईंच्या वाटणीची झाडं मी कापडी पिशव्यांत लावली, कितीही ओता, माती दमट राहून कुजत नाही. लेकीची प्लॅस्टिकमध्ये. उलट केलं असतं तर एकीची झाडं सडली असती आणि दुसरीची वाळली असती. मे महिन्यात घर बंद करून कोकणात जाणाऱ्यांनी तर कापडाच्या नादी लागूच नये. गणपतीत गेलात तर निदान पाऊस बघून घेतो, अर्थात झाडं छपराखाली नसली तर.

कापडी पिशवीचं पाणी तळातूनच येतं असंही नाही, अंगातूनही पाझरतं. साध्या ताटलीत ते मावत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा वर येऊन विचारलं, “ताई, तुमचं पाणी शुद्ध असतं ना? कारण ते आमच्या कुरडयांवर पडतंय.” त्या बोलल्या हसूनच, पण दुसऱ्या दिवशी पिशव्या कठड्यापासून आत आल्या आणि खाली पसरट ट्रे आले.

मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाजीपाल्याच्या कचऱ्याची माती करून फळझाडं वाढवली. त्यापुढे हा सगळा वाद जरा लाडावलेलाच वाटतो. आत चांगली माती असेल तर झाड फुटक्या बादलीतही येतं. तरी लिंबासाठी मी कापडीच पिशवी घेतली, आणि ती मोठी घेतली, १८ इंची. कारण ताण. बागायतदार हस्त बहारासाठी, म्हणजे पावसाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला लिंबाचं पाणी तोडतात. मग झाड फुलावर येतं आणि फळ ऐन उन्हाळ्यात मिळतं, लिंबू महाग असतं तेव्हा. शेतात नेमका त्याच दिवसांत पाऊस असतो, त्यामुळे हा बहार धरणं अवघड. छपराखालच्या गॅलरीत मात्र कापडी पिशवी हवी तेव्हा वाळते. मी पाणी बंद केलं, घरात सगळ्यांना बजावलं, पानं जराशी वळायला लागली तशी मनातून खूशही झाले.

पण त्यानंतर पिशवी काही वाळेना. हात लावावा तर बुडाशी गार, दमट. शेवटी सासूबाईंनाच विचारलं, “आई, लिंबाला पाणी घातलंत का?”

“छे गं, तू नको म्हणालीस ना,” त्या म्हणाल्या, “पाणी कुठे, तांदळाचं धुवण होतं ते.”