लिझ चेनी हरल्या त्या सकाळी

१७ ऑगस्ट २०२२ ला मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन सुरू होत होतं. राज्यात सत्तांतर होऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्यामुळे डेस्कवर सगळ्यांचं लक्ष विधानभवनाच्या पायऱ्यांकडे लागलेलं. मी आंतरराष्ट्रीय पान बघते. माझ्या वाट्याला त्या सकाळी अमेरिकेतलं वायोमिंग आलं.

तिथलं मतदान संपलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. निकालाला फार वेळ लागला नाही. हॅरिएट हेगमन यांना ६६ टक्क्यांवर मतं, विद्यमान खासदार लिझ चेनी यांना २९ टक्क्यांहून थोडी कमी. चेनींनी जॅक्सनजवळच्या एका रँचवर समर्थकांसमोर उभं राहून पराभव मान्य केला. 'चारशे शब्दांत ओळख दे, चौकट करू,' असं मुख्य उपसंपादकांनी सांगितलं आणि मी कामाला लागले.

आमच्याकडे एक काका आहेत, वर्षानुवर्षं विधिमंडळ कव्हर केलेले. निघता निघता ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"पक्षानं तिकीट कापलं म्हणायचं का हिचं?"

"पक्षानं नाही हो काका. तिकडे उमेदवार मतदार ठरवतात. ही पक्षांतर्गत निवडणूक होती, प्रायमरी."

"म्हणजे तिच्याच पक्षाच्या लोकांनी हरवलं?"

"हो. रिपब्लिकन मतदारांनीच."

"आणि व्हिप मोडला म्हणून आमदारकी-खासदारकी जाते, तसं काही?"

तसं तिकडे नसतं. आपल्या दहाव्या परिशिष्टासारखा कायदाच नाही, त्यामुळे पक्षाविरुद्ध मतदान केलं तरी खासदारकी शाबूत राहते. शिक्षा मिळते ती प्रायमरीत, आणि तीही घरच्या लोकांकडून. काकांनी मान हलवली. "हे जास्त कठीण आहे," म्हणाले आणि विधानभवनाकडे गेले. त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण चौकटीचा गाभा तोच होता.

वायोमिंगचं क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्रापेक्षा थोडंच कमी. लोकसंख्या मात्र सहा लाखांच्या आत. आपण लोकसभेत ४८ खासदार पाठवतो, ते राज्य प्रतिनिधिगृहात फक्त एक पाठवतं. १८६९ मध्ये स्त्रियांना मताधिकार देणारा हाच प्रदेश, आणि १९९५ पासून ही एकुलती जागा सलग स्त्रियांकडे आहे. त्याआधी १९७९ ते १९८९ अशी दहा वर्षं तिथे डिक चेनी होते. पुढे ते संरक्षणमंत्री झाले, मग उपाध्यक्ष. लिझ त्यांची थोरली मुलगी.

घराणेशाही म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण त्यांचा प्रवास त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९८८ मध्ये कोलोरॅडो कॉलेजातून पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो राष्ट्राध्यक्षांच्या युद्धविषयक अधिकारांवर. शिकागो विद्यापीठातून कायद्याची पदवी १९९६ मध्ये. धाकट्या बुश यांच्या काळात परराष्ट्र खात्यात मध्यपूर्वेचं काम. इराक युद्धाच्या त्या ठाम समर्थक होत्या. संशयित दहशतवाद्यांच्या चौकशीत वॉटरबोर्डिंगचा, म्हणजे माणसाला बुडतोय असं वाटेपर्यंत चेहऱ्यावर पाणी ओतण्याचा, त्यांनी उघड बचाव केला. ग्वांतानामोतल्या कैद्यांची वकिली केलेल्या सरकारी वकिलांच्या देशनिष्ठेवर शंका घेणारी एक जाहिरात त्यांच्या संघटनेनं २०१० मध्ये काढली. ती इतकी विखारी होती की उजव्या विचारांच्या नामवंत वकिलांनीसुद्धा तिचा निषेध केला.

२०१३ मध्ये त्यांनी सिनेटसाठी शड्डू ठोकला, तोही स्वपक्षाच्याच माइक एन्झींविरुद्ध. त्या प्रचारात त्यांनी समलिंगी विवाहाला विरोध जाहीर केला. सख्खी बहीण मेरी समलिंगी, विवाहित. दोघींचं भांडण चव्हाट्यावर आलं. जानेवारी २०१४ मध्ये लिझ यांनी माघार घेतली. आपलं चुकलं, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केलं ते २०२१ मध्ये.

मी एवढं लिहिलं आणि वेब डेस्कवरची आमची धाकटी सहकारी शेजारी येऊन वाचू लागली. तिनं तोवर चेनींच्या भाषणाचा व्हिडिओ लावला होता आणि ती भारावली होती.

"ताई, हे इराक, वॉटरबोर्डिंग आजच कशाला? एवढी हिंमत दाखवलीय बाईनं."

"म्हणूनच हवंय."

माझं म्हणणं मी तिला सांगितलं आणि आजही तेच सांगेन. ही बाई ट्रम्पविरोधी म्हणून राजकारणात आली नव्हती. ट्रम्प अध्यक्ष असताना तिनं दहातल्या नऊहून अधिक वेळा त्यांच्या भूमिकेच्या बाजूनं मतदान केलं. २०१९ पासून ती प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकन नेतृत्वात तिसऱ्या क्रमांकावर होती. बंदुका, गर्भपात, कर, कुठल्याच बाबतीत ती डावीकडे सरकली नाही. हे सगळं गाळलं तर वाचकाला वाटेल, चांगली बाई वाईट पक्षात चुकून गेली होती. मग तिनं नेमकं काय पणाला लावलं, हे कळणारच नाही.

६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी भाषणात 'लिझ चेनींसारख्यांना' घालवण्याची भाषा केली. ते ऐकून वडिलांनी सभागृहात असलेल्या मुलीला फोन करून सावध केलं. थोड्याच वेळात ट्रम्पसमर्थकांचा जमाव कॅपिटलमध्ये, म्हणजे संसद भवनात घुसला. १३ जानेवारीला ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूनं मत देणारे रिपब्लिकन फक्त दहा, त्यातल्या एक चेनी.

पुढचा मजकूर मी सर्वांत काळजीपूर्वक लिहिला. फेब्रुवारीत त्यांना नेतृत्वातून काढण्याचा ठराव आला, तेव्हा मतदान गुप्त होतं आणि त्या १४५ विरुद्ध ६१ मतांनी तरल्या. मे महिन्यात पुन्हा ठराव आला, तेव्हा आवाजी मतदानानं काही मिनिटांत त्यांना हटवण्यात आलं. मधल्या तीन महिन्यांत त्या गप्प बसल्या नाहीत, हे तर खरंच. पण नाव उघड होणार नव्हतं तेव्हा १४५ जण पाठीशी होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. नंतर ६ जानेवारीच्या चौकशी समितीच्या त्या उपाध्यक्ष झाल्या. ट्रम्प एक दिवस जातील, पण तुमची नामुष्की राहील, असं त्यांनी तिथून आपल्याच पक्षबंधूंना सुनावलं.

वर्धापनदिनी, ६ जानेवारी २०२२ ला, प्रतिनिधिगृहात मौन पाळलं गेलं तेव्हा रिपब्लिकन बाजूला दोनच माणसं होती, लिझ आणि डिक चेनी. ज्या डिक चेनींबद्दल डेमोक्रॅट वर्षानुवर्षं कडवट बोलले, त्यांच्याशी हस्तांदोलन करायला डेमोक्रॅट खासदार पुढे येत होते.

दुपारी अधिवेशनाच्या बातम्यांनी पानं भरली आणि माझी चौकट चारशेवरून अडीचशेवर आली. कापायचं काय? चेनींनी भाषणात लिंकन यांच्या पराभवांचा दाखला दिला होता, तो मी काढला. वॉटरबोर्डिंगचं वाक्य ठेवलं. फेब्रुवारीचं गुप्त मतदान ठेवलं. आणि ७३ टक्क्यांचा मुद्दा ठेवला. दोन वर्षांपूर्वी हीच प्रायमरी मी ७३ टक्के मतांनी जिंकले होते, आताही सहज जिंकले असते, फक्त २०२० ची निवडणूक ट्रम्प यांच्याकडून चोरली गेली, या खोट्याला होकार द्यावा लागला असता, असं त्या म्हणाल्या होत्या. धाकटीनं अंतिम प्रत वाचली. वॉटरबोर्डिंग तिला तरीही खटकलं. बाकी मजकूर तिनं तसाच वेबवर घेतला.

महाभियोगाला मत देणाऱ्या त्या दहांपैकी चौघांनी निवडणूकच लढवली नाही, चौघे प्रायमरीत हरले, दोघेच पुन्हा निवडून आले. २०२४ मध्ये चेनींनी कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला आणि विस्कॉन्सिनमधल्या रिपनला, जे गाव रिपब्लिकन पक्षाचं जन्मस्थान म्हणून मिरवतं, त्यांच्यासोबत प्रचारसभा घेतली. हॅरिस हरल्या, विस्कॉन्सिनमध्येही. इराकबाबत चेनींशी माझं आजही पटत नाही, पण त्यांच्याविषयी लिहायची वेळ आली तर २०२१ मधलं महाभियोगाचं ते मत मी पहिल्या परिच्छेदात घेईन आणि इराक दुसऱ्यात.