बॅटरीचा झोत किती प्रखर, हे मोजायचे कसे?

खानापूर तालुक्यात भाताची आणि उसाची कितीतरी शेते जंगलाला लागून आहेत. गवे आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखायचे म्हणजे रात्री-अपरात्री शिवारात जाणे आले, आणि हातात चांगली बॅटरी (टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात) असणेही आले. ती घ्यायला बेळगावच्या बाजारात गेले की खोक्यावर ल्युमेनचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला दिसतो. आकडा जितका मोठा तितका झोत लांब जाणार, असा बहुतेकांचा समज असतो. पण झोत किती लांब जाईल, हे एकट्या ल्युमेनवरून कळत नाही.

ल्युमेन हे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. एखाद्या ठरावीक दिशेला तो प्रकाश किती एकवटला आहे, हे कँडेला सांगतो, आणि समोरच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती प्रकाश पडला, हे लक्स सांगतो. या तिघांना जोडणारी गोष्ट म्हणजे घनकोन. दिव्याभोवती एक मीटर त्रिज्येचा गोल आहे अशी कल्पना केली, तर त्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १२.५७ चौरस मीटर भरते; त्यातला एक चौरस मीटर भाग दिव्यापाशी जो कोन करतो, तो एक स्टेरेडियन. एका स्टेरेडियनमध्ये एक ल्युमेन या प्रमाणात प्रकाश जात असेल, तर त्या दिशेची तीव्रता एक कँडेला असते.

आता आकडे घालून पाहू. घरातला ९०० ल्युमेनचा बल्ब सगळीकडे सारखाच प्रकाश फेकतो असे मानले, तर ९०० भागिले १२.५७, म्हणजे कोणत्याही दिशेला जेमतेम ७२ कँडेला मिळतात. उलट २०० ल्युमेनच्या बॅटरीने आपला सगळा प्रकाश १० अंशांच्या शंकूत कोंबला, तर त्या शंकूचा घनकोन केवळ ०.०२४ स्टेरेडियनच्या आसपास असल्यामुळे तीव्रता सुमारे ८,४०० कँडेलापर्यंत चढते. एकूण प्रकाश बल्बाच्या पाव हिश्श्याहूनही कमी, पण झोताच्या दिशेने तीव्रता शंभर पटींहून जास्त. अर्थात हे आदर्श गणित झाले. खऱ्या बॅटरीत बराच प्रकाश मधल्या झोताबाहेर सांडतो, आणि पायाखालची वाट त्याच सांडलेल्या प्रकाशात दिसते, म्हणून तो वाया गेला असे मी म्हणणार नाही.

मोजायला फार सामान लागत नाही. साधे लक्समीटर, मोजपट्टी आणि रात्रीची अंधारी, लांबलचक पडवी पुरे. बॅटरी एका टोकाला घट्ट बसवावी, दुसऱ्या टोकाला मीटरचा पांढरा घुमट झोताच्या मध्यावर बरोबर समोर तोंड करून धरावा, किंचित डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवून सर्वांत मोठा आकडा शोधावा, आणि त्या लक्सला अंतराच्या वर्गाने गुणावे. १० मीटरवर ८४ लक्स मिळाले, तर ८४ गुणिले १००, म्हणजे ८,४०० कँडेला. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, या नियमावर हे सगळे उभे आहे. मात्र परावर्तक मोठा आणि झोत अरुंद असेल, तर अगदी जवळून हा नियम लागू पडत नाही आणि उत्तर फसवे येते. म्हणून दोन वेगवेगळ्या अंतरांवर मोजून कँडेला सारखेच निघतात का, हे पडताळावे. पडवीच्या पांढऱ्या भिंतींवरून परतणारा प्रकाशही मीटरमध्ये शिरतो. बाजूला काळे कापड टांगले की तो बराच आवरतो. मोबाइलचा सेन्सर दोन बॅटऱ्यांची तुलना करायला चालेल, पण त्याच्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

झोताचा कोनही याच मीटरने निघतो. मध्यावरचा आकडा जिथे निम्मा होतो, ती दोन्ही बाजूंची टोके धरून कोन मोजण्याची पद्धत आहे. पाच मीटरवर ही टोके साधारण ८७ सेंटिमीटर अंतरावर आली, तर कोन १० अंशांचा.

डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ दिसत नाहीत, हेही या मापात धरलेले असते. १९७९ पासून कँडेलाची व्याख्या ५४० लाख कोटी हर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे डोळा जिथे सर्वाधिक संवेदनशील असतो त्या हिरव्या प्रकाशावर आधारलेली आहे: अशा प्रकाशाचा एक वॅट म्हणजे ६८३ ल्युमेन. प्राण्यांचे फोटो टिपण्यासाठी जंगलात लावतात त्या कॅमेऱ्यांचा अवरक्त दिवा कितीही वॅट खात असला, तरी त्याचे कँडेला जवळजवळ शून्यच भरतात.

खोक्यावर मीटरमध्ये जे अंतर छापतात, ते कँडेलावरूनच काढलेले असते. अमेरिकेतल्या २००९ च्या मानकानुसार, झोताचा प्रकाश ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो, तिथपर्यंत बॅटरीचा पल्ला धरतात. गणित सोपे आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करायचे. ८,४०० कँडेलाला सुमारे १८३ मीटर येतात. पल्ला दुप्पट हवा असेल, तर कँडेला चौपट लागतात.

माझ्या मते हा पल्ला कागदावरचा आहे. चांदण्याइतका प्रकाश गव्याच्या काळसर अंगावर पडून त्यातला थोडासाच आपल्या डोळ्यांपर्यंत परततो, आणि उसाच्या कडेला उभा आहे तो गवा की कुणाची चुकार म्हैस, हे तेवढ्यावर ओळखता येत नाही. छापलेले अंतर निम्मे केले, तर तिथे एक लक्स मिळतो, आणि मी तोच पल्ला खरा धरतो. पावसाळ्यात चोर्ल्याच्या बाजूला धुके उतरले की तोही हिशेब कोलमडतो, कारण धुक्याचे थेंब प्रकाश विखरून आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. तिथे कँडेला वाढवून भागत नाही, बॅटरी डोळ्यांपासून दूर, कमरेच्या खाली धरलेली बरी.