उत्तरेचा बोळ अन् माझे सहा फर्न

आमच्या घराच्या उत्तरेला कंपाउंडपर्यंत चारेक फुटाचा बोळ आहे. डिसेंबरात तिथं दिवसभर ऊन म्हणून पडत नाही, तर मी धरून चाललो की ही झाली सावलीची जागा. नर्सरीत जाऊन म्हणलं सावलीतलं काहीतरी द्या, त्यांनी फर्न दिले, मी पण हौसेनं सहा कुंड्या रिक्षात घालून आणल्या. एप्रिल संपेपर्यंत सगळ्यांचे पापड. रोज पाणी घालून बरं का.

नर्सरीवाल्याला तरी काय बोलणार, त्याच्याकडं ते हिरव्या नेटखाली फवारे मारून ठेवलेले होते. फर्नला नुसती सावली पुरत नाही, दमट हवा लागते, ती कोकणात फुकट मिळते. लातुरात मे महिन्यात दोरीवरची चादर अर्ध्या तासात कडक होते, तिथं फर्न काय टिकतोय.

पण खरी गोम पुढंच होती. 21 मार्चनंतर सूर्य उत्तरेकडं सरकून उगवायलाय, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ त्याच भिंतीवर तिरपं ऊन, आणि मेच्या मध्याला तो शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली) झाला की पार जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सुद्धा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेलाच असतो. म्हणजे थंडीत जिथं सावली तिथंच ऐन उन्हाळ्यात ऊन!! सावली बघायची तर मेमध्ये बघा. एक दिवस तासातासाला मोबाईलवर फोटो काढायचा, मगच झाड आणायचं.

मग दुसऱ्या वर्षी स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट ही कमी पाण्यावर जगणारी कुंडीतली झाडं लावली. झेडझेड जमिनीतल्या गड्ड्यात पाणी साठवून ठेवतो, दोघंही पंधरा दिवस विसरलात तरी तक्रार करत नाहीत, उलट लाडानं रोज पाणी घातलं तर सडतात. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आमचं, इथं शोभेच्या झाडाला बादलीभर पाणी ओतायला हात धजत नाही, त्यामुळं ही जोडी आपल्याला मानवली. मनी प्लांट आणि सिंगोनियम जिन्याखाली, तिथं ऊन कधीच येत नाही.

बोळाच्या टोकाला शेजारच्यांचा कडुलिंब आहे, त्याच्याखाली जमिनीत काही लावायच्या भानगडीत पडू नका, मुळ्या सगळं पाणी ओढून घेतात आणि काळ्या मातीला हाताएवढ्या भेगा पडतात. तिथं कुंड्याच बऱ्या.

आई हे सगळं वर्षभर बघत होती. एक दिवस म्हणली, "आरं, मोरीचं पाणी वाया चाललंय, तिथं आळू लाव की." लावला. आता पानं सुपाएवढी झालीत, आठवड्याला वड्या होतात, शेजारीपाजारी पण नेतात. त्याच्याच कडंला वसमतच्या मावशीनं दिलेले हळदीचे गड्डे जूनमध्ये टोचले, अर्ध्या सावलीत तेही छान फुटले, शेतातल्या एवढी हळद निघणार नाही पण पानं काय देखणी दिसायलीत!

फर्न एकच वाचला. कूलरच्या स्टँडखाली सरकवला होता, वरून दिवसभर थेंब थेंब गळतंय. मिस्त्री कूलरची गळती काढायला आला तर आईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.