सी-टेनचा रॉकर कापण्याआधी

शेव्हरोलेच्या 1967 ते 1972 या काळातल्या सी-टेन पिकअपचा रॉकर, म्हणजे दाराखालची पेटी, आतून सडते. समोरच्या काचेखालच्या जाळीतून पाला आणि धूळ आत शिरते, दारापुढच्या पोकळीतून खाली उतरते आणि रॉकरमध्ये साचून ओली राहते. बाहेर रंग फुगलेला दिसतो तोवर आतला पत्रा गेलेला असतो. लोहचुंबक फिरवून बघा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

सगळ्यात आधी पेट्रोलची टाकी काढा. या गाड्यांत ती केबिनमध्येच, सीटच्या मागे असते आणि केबिनचे सडलेले मागचे कोपरे तिच्या अगदी शेजारी. टाकी रिकामी आहे म्हणून तशीच ठेवून वेल्डिंग करू नका. पेट्रोलची वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त धोकादायक. बॅटरीही सोडवा.

आता दारं. मागची कड धरून दार वर उचला. ते हललं तर आधी बिजागरीच्या पिना आणि बुश बदला. लोंबणाऱ्या दारावरून दार आणि रॉकर यांमधली फट जुळवली, तर पुढे बिजागरी दुरुस्त केल्यावर नवा रॉकर चुकीच्या जागी बसलेला कळतो. केबिनखालची रबरंही याच वेळी बदला आणि गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी ठेवा. मग फटी मोजून लिहून ठेवा.

दाराच्या चौकटीत 1 इंची चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरका आधार टाका. तो आतल्या बाजूला हवा, म्हणजे दार लावून पाहता येतं. दोन्ही बाजू एकदम कापायचा मोह होतो, पण रॉकरवरच केबिनचा ताठपणा टिकून असतो. एक बाजू पूर्ण करा, मगच दुसरी.

जुने स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे वेल्ड, 8 मिमी कटरने सोडवा. आतला रॉकर भुसभुशीत असेल तर तोही बदला. कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा टिकत नाही. नवा भाग क्लॅम्प आणि स्क्रूंनी बसवा, दार लावा, फट तपासा. पटली तरच वेल्ड करा.

केबिनच्या कोपऱ्यांसाठी साधारण 1.2 मिमी पत्रा, वेल्डिंगची 0.6 मिमी तार आणि 75 टक्के आरगॉन, 25 टक्के कार्बन डायऑक्साइड असा वायू. सलग ओढलेल्या वेल्डने पत्रा लाटेसारखा वाकतो. इंच-इंचावर टाके घाला, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, आणि हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. ओल्या फडक्याने थंड करायची घाई नको. ग्राइंडर एकाच जागी दाबून धरला तरी तोच वाक येतो.

जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्डिंगआधी जस्ताचा प्रायमर लावा. रंग झाल्यावर लांब नळीने पोकळीत मेण फवारा. सीलर लावताना रॉकरखालची पाणी निघायची भोकं बुजवू नका. काचेखालची पोकळी साफ केली नाही, तर हा रॉकरही तसाच सडेल.

गाडी बसकी करायची असेल तर ते काम यानंतरचं. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या सी-टेनला आडवा पॅनहार्ड रॉड असतो, म्हणजे मागचा एक्सल मधोमध धरून ठेवणारी दांडी. गाडी खाली आणली की तो एक्सल एका बाजूला सरकवतो आणि एका बाजूचं चाक हौद्याच्या पत्र्याला घासू लागतं. त्यामुळे आखूड स्प्रिंगसोबत लांबी जुळवता येणारा रॉडही मागवा.