आर म्हणजे गुंठा नव्हे: जमीन घेतानाचा माझा अनुभव

सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीची कागदोपत्री तपासणी), कर्ज, नोंदणी सगळं सुरळीत झालं. अडलं ते एका भागाकारावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सातबारावर क्षेत्र 0.81.00, म्हणजे 81 आर. भाव गुंठ्याला एक लाख. खरेदीखताचा मसुदा करणाऱ्यांनी सरळ 81 गुंठे धरून 81 लाख लिहिले. मी हरकत घेतली तर म्हणाले, "अहो, आर म्हणजेच गुंठा. इकडं सगळे तसंच धरतात."

बोलण्यात धरतात, खरं आहे. पण गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, जुन्या मोजणीच्या साखळीएवढी बाजू. त्याचे 1,089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. आर 10 मीटर बाय 10 मीटर, बरोबर 100. फरक सव्वा चौरस मीटरही नाही, पण तो 81 वेळा साठतो. 8,100 भागिले 101.17, उत्तर 80.06 गुंठे. एका लाखाच्या दरानं जवळपास 94 हजार रुपये जास्त!

कागदावर मांडून दाखवलं. कागदाकडं कुणी बघेना. "उद्या या." उद्या गेलो तर "साहेब बाहेर गेलेत." मग "एवढं बारीक कोण बघतं?" ज्याच्या खिशातून 94 हजार जाणार, तो बघणारच ना!

शेवटी त्यांचाच मसुदा कामी आला. त्यात एकरही लिहिले होते: 0.81 हेक्टर गुणिले 2.471 (एका हेक्टरचे एकर), म्हणजे 2.00. दोन एकराचे 80 गुंठे होतात हे तिथल्या प्रत्येकाला पाठ. विकणारे काकाच म्हणाले, "वडिलांपासून रान दोन एकरच आहे आमचं. वरचा गुंठा आणू कुठनं?" त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. आकडा त्यानंतरच बदलला.

तेव्हा भाव ठरतानाच तो गुंठ्याला की आराला, हे लिहून घ्या. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती आहे आणि त्याचेही पैसे द्यायचे का, तेही आधीच बोला. आणि हो, सातबारावरचे आकडे हेक्टर, आर, चौरस मीटर असे वाचायचे, 0.08.10 आणि 0.81.00 यांत दहापट फरक आहे. प्लॉट घेणाऱ्यांनी चौरस मीटरचे चौरस फूट करताना 10.764 नं गुणावं. 3.28 हा आकडा फक्त लांबीसाठी.